वाहिद मिस्त्रीच्या चुल्ह्यातले प्लग

वाहिद मिस्त्रीनं चिमट्यात धरलेला प्लग चुल्ह्याच्या पार पोटात घातला अन् फुंकणी मारली. राखेचा जो भपकारा उठला तो थेट खैरुनबीच्या तव्यावर.

"या अल्ला! माही भाकर!"

"भाकर दुसरी होते. प्लग दुसरा होत नाही," वाहिद म्हणे.

"काहून होत नाही? यवतमाळच्या दुकानात ढीग पडून हाये त्याचा. भाकर मातर मलेच थापा लागते."

"दुकानातल्याचं काय सांगतं? याले म्या घरी वाढवलं."

"मंग त्यालेच म्हणा भाकर वाढ म्हणून."

हे रोजचं होतं. पांढरकवड्याले हैदराबादच्या सडकेवर वाहिदचं गॅरेज. गॅरेज म्हणजे काय, एक निंब, एक जॅक अन् वाहिदचं तोंड. जॅक कधीमधी बंद पडे. निंबाच्या मांगं लागूनच घर, अन् घरातल्या चुल्ह्यावर अर्धा हक्क मोटारीयचा.

पेट्रोलच्या मोटारीत जितके सिलिंडर तितके प्लग. प्लगानं ठिणगी टाकली त पेट्रोल पेटते अन् गाडी चालते. नाही टाकली त ती मोटार नाही, बिनबैलाची दमणी हाये. आता हा प्लग बदलायचा कधी, याच्यावर त्या काळी डायवर लोकायचे दोन पंथ होते. एक पंथ म्हणे, त्याची येळ झाली की बदला. दुसरा पंथ म्हणे, कधीच बदलू नका. या दुसऱ्या पंथात वाहिद एकटाच होता, पण आवाज साऱ्यायपरीस मोठा.

त्याची रीत अशी. काळा पडलेला प्लग काढायचा, पेट्रोलात बुडवायचा, तारेच्या ब्रशानं घासायचा. सांजच्याले जेवणं झाले की निखाऱ्यात पुरायचा अन् वरतून राख घालायची. सकाळी राखेतून काढायचा, टोकाले कानस मारायची, गोट्यावर हलक्या हातानं ठोकून फट बारीक करायची. मंग वायर लावून इंजिनाच्या अंगाले टेकवायचा अन् ठिणगी पाहायची. निळी पडली त प्लग तगडा. पिवळी पडली त बिमार. पडलीच नाही त परत चुल्ह्यात. पण 'हा मेला' असं वाहिदनं जलमात कोण्या प्लगाले म्हणलं नाही. कधी कधी त वायर हातातच धरे. झटका बसला की हातभर उडे अन् खाली येता येता म्हणे, "मस्त हाये."

लोक हासत. हासू द्या. गाड्या चालत होत्या ना! वाहिदच्या हातचा भाजलेला प्लग नव्यावानी चाले, हे मारेगावपासून राळेगावपर्यंत साऱ्यायनं पाह्यलं होतं. ज्यानं नाही पाह्यलं त्यानं तोंड बंद ठेवावं.

राळेगावकडच्या भगवानरावची जुनी विलायती मोटार वाहिदकडंच येत होती. तिचा डायवर नागोराव लांब मिशीचा अन् मऊ सभावाचा माणूस. तो बिचारा दर वक्ती कागदात बांधलेले नवे कोरे प्लग घेऊन ये.

"मिस्त्री, मालकानं देल्ले. लावून टाका ना."

"नागोराव, तुही बायको खोकलली त तू दुसरी करतं का?"

"खोकल्याचं अन् याचं काय हाये आता?"

"तेच म्हणून राह्यलो. औषध करतं ना? मंग याचंही करू."

नागोराव मुकाट्यानं पुडी खिशात घाले अन् पाणी प्यायले घरामांगच्या आंगणात जाये. लय पाणी लागे त्याले.

वाहिदले पोरगी एकच, हजराबी. रोज सकाळी चुल्ह्याची राख तीच काढे, चाळे, प्लग येगळे करून अब्बाच्या डब्यात ठेवे. तिचे नखं कायम काळे. मेंदी लावली तरी मेंदीच्या काठाले काळी किनार दिसे. पोरगी लग्नाले आली होती अन् खैरुनबीले तोच घोर होता, कारण पहिलं जमलेलं लग्न वाहिदनं एका वाक्यात मोडलं होतं. वणीचा पावणा आपल्या टॅक्सीनं आला. वाहिदनं सलामाच्या आंधी बोनट उघडलं अन् म्हणे, "प्लग बदलू बदलू पार बाटवली हो तुम्ही गाडी!" पावणा चहा न पेता गेला. चहा तसाच राह्यला अन् पोरगीही.

म्हणून दुसऱ्या खेपेले प्लगाचं नाव निघूच द्यायचं नाही, असं खैरुनबीनं पक्कं ठरवलं. पुसदच्या गुलाम नबीचा पोरगा रहेमान, चांगला कमावता, निर्व्यसनी. वाहिदनं इचारलं, "बाप काय करते?"

"लोखंडाचा धंदा हाये," खैरुनबी म्हणे.

खोटं नव्हतं. गुलाम नबी मोटारमिस्त्री होता. पण तो पहिल्या पंथाचा, अन् पंथाचा पीरच म्हणा. पुसदले जितक्या मोटारी त्याच्या हाताखालून जात त्या साऱ्यायचे प्लग तो दर ईदीले फेकून दे. म्हणे, "कपडे अन् प्लग ईदीले नवे पाह्यजेत." पुसदचे लेकरं त्या फेकलेल्या प्लगायनं गोट्यावानी खेळत. हे खैरुनबीले पक्कं माहीत होतं, अन् वाहिदले कळलं त काय होईन हेही. तिनं नवऱ्याचे हात राखेनं घासले, प्लगाचा डबा खाटेखाली लपवला अन् हात जोडले, "हजराचे अब्बा, आज प्लग हा शबद तोंडातून काढान त तुमाले तुमच्या पोरीची आण हाये. हे मोडलं त तिसरं येणार नाही."

"म्या काय येडा हावो का?" वाहिद म्हणे.

पावणे आले तो दिवस खंडेनवमीचा. गुलाम नबी उंच, पांढरी दाढी, पोरगा रहेमान बापाच्या मांगं मान खाली घालून. पावण्यायनं वाहिदसाठी नवा रेशमी रुमाल आणला होता, तो त्याच्या खांद्यावर घातला. जेवायले दस्तरखान हातरला. पुलाव आला, सालन आलं, सारं गोडीत चाललं होतं. पडद्यामांगं हजराबी कानात प्राण आणून बसली होती.

पण खैरुनबीच्या हातून एक चूक झाली. आंगणातून वारं येऊन राह्यलं होतं अन् दस्तरखानाचे कोपरे उडत होते. तिनं घाईघाईत जे हाताले लागलं ते चारी कोपऱ्यावर ठेवलं. तिच्या घरात हाताले दुसरं काय लागणार? चार प्लग!

गुलाम नबीनं एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला, अन् कोपऱ्यावरचा प्लग उचलून उजेडात धरला.

"हा मेलेला हाये," तो म्हणे. सहजच म्हणे.

वाहिदनं हातातला घास ताटात ठेवला. खैरुनबीनं डोळे वटारले. वाहिदनं पाणी पेलं. पोरीची आण आठवली. परत पाणी पेलं.

"कोण मेलेला?" शेवटी फुटलंच तोंड.

"हा प्लग. टोक पाहा ना, झिजून बोरावानी गोल झालं."

"कानस मारली की होते सरळ."

"अन् फट केवढी वाढली!"

"ठोकली की होते बारीक. पण लोखंडाच्या व्यापाऱ्याले हे कसं समजते?"

"व्यापारी कोण? म्या मिस्त्री हावो. पुसदले माह्याएवढे प्लग कोणी बदलले नसन."

वाहिदनं खैरुनबीकडं पाह्यलं. खैरुनबीनं छताकडं पाह्यलं.

"बदलले?" वाहिद म्हणे. "म्हणजे तुम्हीच का ते, ईदीले फेकणारे?"

"अन् तुम्हीच का ते, चुल्ह्यात भाजणारे?"

झालं. मंग कोण ऐकते कोणाचं! खैरुनबी मधात पुलाव वाढून राह्यली, पण दोघायच्या ताटात तो उतरतच नाही.

"ऐका वाहिदभाई," गुलाम नबी म्हणे. "सकाळी हँडल मारून मारून खांदा उतरला, पेट्रोल दुप्पट पिऊन राह्यली, चढावर हुचक्या देऊन राह्यली, इतकं झालं मंग बदलता का? अरे, इतकं व्हायच्या आंधी बदला लागते!"

"म्हणजे माणूस बिमार पडायच्या आंधीच गाडून टाका?"

"प्लग हाये तो, तुमचा चाचा नाही."

"चाचापरीस जास्त कामाले आला तो माह्या!"

गुलाम नबी हातात घास घेऊनच उठला. भरल्या ताटावरून पावणा उठला, आता याच्यावर काय उरलं? पडद्यामांगं बांगड्या वाजल्या. रहेमान मातर जेवतच होता. त्याले भूक लागली होती अन् बापाचा सभाव माहीत होता.

"जो माणूस एक झिजलेला प्लग सोडत नाही," गुलाम नबी म्हणे, "त्याची पोरगी माह्या घरी येऊन फुटके मडकेही जपून ठेवीन. माह्या घरी जागा नाही. ऊठ रहेमान."

"अब्बा, सालन..."

"ऊठ!"

तितक्यात दारापुढं भोंगा वाजला. भगवानरावची मोटार. नागोराव चाकावर अन् मांगं भगवानरावच्या घरच्या विमलताई. केळापूरले देवीच्या दर्शनाले गेलत्या, परत जाता जाता खैरुनबीले परसाद द्यायले थांबल्या. बाई मोठ्या घरच्या, पण बोलणं असं की आडवा आला त माणूस बाजूले झालाच पाह्यजे.

"काय वो खैरुनबी, पावणे उभे कायले?"

खैरुनबीनं पदरात तोंड घालून सारं सांगितलं. विमलताईनं दोघाही मिस्त्र्यायकडं पाह्यलं.

"भांडता कायले? ही माही मोटार उभी हाये. चारी प्लग वाहिदभाईनं भाजलेले. बसा हिच्यात, गावाबाहेरचा चढ चढून या अन् काय ते पाहून घ्या."

गुलाम नबीनं दाढी कुरवाळली. "मंजूर. चढावर एक जरी हुचकी देल्ली त म्या तिथूनच पुसदची गाडी धरीन."

"नाही देल्ली त?" वाहिद म्हणे.

"त परत येऊन राह्यलेलं ताट खाईन अन् लग्नाची तारीख आजच धरीन."

नागोरावचा चेहरा लिंबावानी झाला. त्यानं पडद्याकडं पाह्यलं. पडदा जरासा हालला, बस.

निघाले. पुढं नागोराव अन् गुलाम नबी. मांगं वाहिद, रहेमान अन् विमलताई, मांडीवर परसादाचं ताट घेऊन. सपाटीले मोटार लोण्यावानी चालली. वाहिदनं मांगून गुलाम नबीच्या खांद्यावर बोट टेकवलं. "ऐकून राह्यले ना?"

"चढ येऊ द्या."

चढ आला. नागोरावनं गेर टाकला. मोटारीनं दम घेतला, नाक वर केलं, अन्...

फट्. फट् फट्. फटाक्!

मांगं विमलताईच्या ताटातला नारळ घरंगळून रहेमानच्या पायावर पडला. मोटार अशी हालली जशी तिले कोणी गुदगुल्या करून राह्यलं.

"थांबव गाडी," गुलाम नबी म्हणे. उतरला अन् सडकेच्या कडेले हात आडवा करून उभा राह्यला. यष्टीचा पत्ता नव्हता, पण हात तयार.

वाहिद खाली उतरला. पोरीचं लग्न बोनटाखाली अडकलं होतं. त्यानं बोनट उघडलं अन् आत पाह्यलं. पाहतच राह्यला.

इंजिन सारं काळंकुट्ट, अन् मधात चार प्लगाच्या चिनीमातीच्या, घासूनपुसून गोऱ्या केलेल्या चार माना. हरेक मानेले वरतून खाली ओल्या हळदीकुंकवाचे पट्टे, त्याच्यावर अक्षता चिकटलेल्या, एकावर त झेंडूची पाकळीही.

"ताई, हे काय हाये?"

"काय म्हणजे? खंडेनवमी हाये आज. तुमी नाही का अवजारं पुसून ठेवत? देवीपुढं मोटारीची पूजा केली. हे चारच तेवढे पांढरे, देवावानी दिसले, त्यायले लावलं हळदकुंकू. अन् तेलात नाही कालवलं हो, डाग पडते. चांगलं भरपूर पाण्यात कालवलं."

वाहिद असा हासला की निंबापर्यंत ऐकू गेलं असन. ठिणगी वरतून वायरीतून येते. तिनं प्लगाच्या पोटातून खाली उतरून टोकावर उडी मारावी. त्या पांढऱ्या मानेवर ओलं कुंकू लागलं की तिले बाहेरूनच पायवाट सापडते. सपाटीवर इंजिनाले जोर लागत नाही, तवा कशीतरी आतून जाते. चढावर जोर लागला की म्हणते, कायले एवढी मेहनत? अन् बाहेरून सटकते. आत पेट्रोल तसंच राहते, मंग हुचकी.

त्यानं खांद्यावरचा रेशमी रुमाल काढला अन् चारी माना खसाखसा पुसल्या. पुसदचा रुमाल पिवळा झाला, लाल झाला, काळा झाला. नागोरावनं हँडल मारलं. मोटार मांजरीवानी गुरगुरायले लागली.

"पाह्यलं?" वाहिद म्हणे.

"काय पाह्यलं? हुचकी देल्ली ना? शर्त ते शर्त." गुलाम नबीचा हात अजून आडवाच.

"थांबा हो," विमलताई ताटासकट खाली उतरल्या. "म्हणजे माह्या देवीच्या कुंकवानं या पोरीचं लग्न मोडलं, असं म्हणता का तुम्ही?"

"तौबा तौबा! ताई, म्या असं कवा म्हणलं?"

"मंग कायनं देल्ली हुचकी?"

"प्लगानं."

"प्लग तेच हायेत. आता चालून राह्यले. मधात पुसलं ते काय होतं?"

गुलाम नबी पेचात सापडला. कुंकू म्हणलं त पंचाईत, प्लग म्हणलं त खोटं. त्याचा आडवा हात हळूहळू खाली आला.

"पाना द्या," शेवटी तो म्हणे. "एक प्लग खोलून पाहतो. मेलेला असन त कुंकवाचा काही दोष नाही."

नागोराव म्हणे, "गरम हाये, चाचा. हात भाजन. राहू द्या." त्यानं हे इतक्या डाव म्हणलं की गुलाम नबीनं त्याच्याकडं टक लावून पाह्यलं अन् पाना त्याच्या हातातून ओढून घेतला.

प्लग खोलला. फडक्यात धरला. टोक पाह्यलं. खालची तांब्याची वायसर, म्हणजे चकती, पाह्यली. अंगावरचं काळं अंगठ्यानं पुसलं, मंग अंगठ्याचा वास घेतला. मंग वाहिदकडं पाह्यलं. वाहिद छाती काढून उभा होता.

गुलाम नबीनं प्लग जसाचा तसा परत लावला, हातानं नीट कसला.

"चला," तो म्हणे. "जेवण थंड होत असन."

मोटार चढ चढली, वरतून वळली, खाली आली. हुचकी नाही, शिंक नाही. गुलाम नबीनं घरी येऊन आपलं ताट चाटूनपुसून खाल्लं. मंग पडद्याकडं तोंड करून फकत एकच इचारलं.

"बेटी, या घरी चुल्ह्याची राख कोण काढते?"

"मीच काढतो, जी." आवाज अगदी बारीक.

"रोज?"

"रोज."

"धरा तारीख," गुलाम नबी म्हणे.

खैरुनबीनं शेजारच्या जैबुनबीले सांगितलं, सासरा लय सफाईचा माणूस हाये, पयले राखेचंच इचारलं. वाहिदनं साऱ्या तालुक्यात सांगितलं, पुसदचा पीर आपल्या पंथात आला. आपला पिवळा-लाल रुमाल तो पुरावा म्हणून दाखवे.

लग्न झालं. हजराबी पुसदले गेली, अन् काय झालं कोणाले समजे ना, वाहिदच्या हातचा गुण गेला. भाजलेले प्लग पिवळी ठिणगी टाकायले लागले. भगवानरावची मोटार भर बाजारात बंद पडली, तिले बैल लावून आणली. वाहिद निंबाखाली बसून म्हणे, "पोरगी गेली, माहं मन थाऱ्यावर नाही. प्लगाले बरोबर समजते ते." लोक तोंडावर हासायले लागले. वाहिद कानस घेऊन मांगं लागला एकदोघायच्या, चांगलंच केलं.

मंग पुसदहून यष्टीच्या कंडक्टरसंगं डबे यायले लागले. वर शेवया, खाली काय ते खैरुनबीले माहीत. वाहिदले हात लावायले बंदी. अन् वाहिदचा हात परत आला! ठिणगी निळी, गाड्या चालू, तोंड त कधी बंदच नव्हतं. तो म्हणे, "मन थाऱ्यावर आलं." त्या मनावर तो मरेपर्यंत मोटारी चालवत राह्यला, अन् एकही प्लग त्यानं कधी बदलला नाही.

बदलत होती त ती हजराबी. नागोरावच्या अन् बाकी डायवरायच्या खिशातली पुडी मांगच्या आंगणात तिच्या हाती जाये. ती नवे प्लग काजळीत घोळे, राखेत पुरे अन् जुने काढून आडात टाके. अब्बाले कोणी हासू नये, एवढंच तिचं म्हणणं. त्या चढावर गुलाम नबीनं एकदाच कसलेली कोरी वायसर पाह्यली, अन् अंगठ्याले लागलेली काजळी पेट्रोलाची नाही, पळसाच्या लाकडाची, हे वासावरून ओळखलं.

हे मले वाहिद मिस्त्री गेल्यावर रहेमाननं सांगितलं. मिस्त्रीच्या मौतीले आम्ही दोघं निंबाखाली बसलो होतो. म्या इचारलं, मंग पुसदहून डब्यात जे प्लग येत ते कोण काळे करे, हजराबीच ना?

रहेमान म्हणे, नाही. सुनेचे नखं खराब होतात म्हणून ते काम गुलाम नबी करे. दर महिन्याले चुल्ह्यापुढं बसून, सोता, हातानं.